चेहरा फिरवलेला, पान उघडलेलं : लेखकाचं प्रबोधनकालीन व्यक्तिचित्र कसं वाचावं

फ्लॉरेन्सच्या पलाझ्झो वेक्कियो या जुन्या राजवाड्यात एक मध्यम आकाराचं व्यक्तिचित्र आहे. लाकडी फळीवर तैलरंगात रंगवलेलं, साधारण ८३ बाय ६० सेंटिमीटरचं. गडद पोशाखातली एक बाई. डोक्यावर घट्ट बसणारी टोपी आणि तिच्यावरून खांद्यामागे उतरणारं झिरझिरीत वस्त्र. चेहरा पूर्ण एका बाजूला वळलेला, मान लांब, नाक ठसठशीत. ती आपल्याकडे पाहतच नाही. हातातलं पुस्तक मात्र तिनं आपल्यापुढे उघडं धरलंय आणि पानावरची अक्षरं चक्क वाचता येतात.

ही लॉरा बात्तिफेर्री, सोळाव्या शतकातली इटालियन कवयित्री. चित्रकार ब्रोन्झिनो. चित्र १५५५ ते १५६० च्या दरम्यानचं. मी ते पहिल्यांदा एका छापील पानावर पाहिलं तेव्हा मला ते आवडलं नव्हतं. बाई तुसडी वाटली, चित्र थिजलेलं वाटलं. पुढे तिच्या हातातलं पान वाचलं आणि मत पार बदललं. तो प्रवास ज्या क्रमानं झाला, जवळपास त्याच क्रमानं इथे पायऱ्या मांडतो आहे. याच रीतीनं त्या काळातल्या कुठल्याही लेखकाचं चित्र तुम्हाला वाचता येईल.

अशी चित्रं बघताना दोन चुका हमखास होतात. काही जण चेहऱ्याकडे बघून लगेच ‘किती उदास आहे’ म्हणतात आणि थांबतात. काही जण प्रतीकांची यादी काढून बसतात: पुस्तक म्हणजे विद्या, काळा रंग म्हणजे शोक. दोन्हीकडे चित्र हातून निसटतं. माझा अनुभव असा की लेखकाच्या चित्रातला भाव चेहऱ्यापेक्षा एका व्यवहारात सापडतो: चित्रातली व्यक्ती आपल्याला काय देते आणि काय राखून ठेवते. पुढची प्रत्येक पायरी या प्रश्नाभोवती फिरते.

आधी पाटी झाका

चित्राचं मोठं, स्वच्छ छायाचित्र मिळवा. एकच मिळालं तर त्यावर विसंबू नका. दोन-तीन वेगळी छायाचित्रं शेजारी ठेवा. एकात पार्श्वभूमी करडी दिसेल, दुसऱ्यात तपकिरी, तिसऱ्यात पोशाखाचा सगळा काळा रंग एकच डाग होऊन बसलेला असेल. ज्यात पोशाखाच्या चुण्या वेगवेगळ्या दिसतात ते खरं मानून चाला. चारही कडा शाबूत आहेत ना, हेही बघा. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर अशी चित्रं सर्रास कापलेली असतात आणि कापलेल्या भागात बहुतेक वेळा हात असतात.

आता नाव, साल, चित्रकार काहीही न वाचता दहा मिनिटं फक्त पाहा आणि लिहा. नियम एकच, विशेषणं वापरायची नाहीत. ‘गंभीर’, ‘सुंदर’, ‘गूढ’ हे शब्द बंद. लिहायचं ते असं: डोकं आपल्या डावीकडे वळलेलं. एकच डोळा दिसतो. नजर चौकटीबाहेर. धड चेहऱ्याइतकं वळलेलं नाही. पुस्तक खाली, पानं आपल्या बाजूला. बोटं पानावर फाकलेली. मागे काही नाही.

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण तिच्याशिवाय पुढचं सगळं कच्चं राहतं. ‘कवयित्री’ हा शब्द एकदा वाचला की नाकातही काव्य दिसायला लागतं. शिवाय विशेषणांशिवाय लिहिताना विसंगती आपोआप वर येतात. वरच्या यादीतली विसंगती पाहा: पुस्तक हातात धरणाऱ्या माणसाकडे पानं असायला हवीत, इथे ती आपल्याकडे आहेत. तिला ती वाचताच येणार नाहीत. जिथे चित्र रोजच्या वागण्याला सोडून जातं, तिथे खूण करून ठेवा. अर्थ बहुधा तिथेच दडलेला असतो.

त्या काळात नेहमीचं काय होतं?

एखादी गोष्ट खास आहे की नाही, हे ठरवायला त्या वेळची वहिवाट माहीत हवी. लॉराची बैठक घ्या. आपल्याकडच्या लघुचित्रांच्या भाषेत हा ‘एकचश्मी’ चेहरा, म्हणजे एकाच डोळ्याचा. इटलीत पंधराव्या शतकात अशी चित्रं भरपूर झाली. प्राचीन रोमन नाण्यांवर सम्राटांचे चेहरे असे बाजूनं असत, त्यामुळे या बैठकीला मान होता. राणीछाप रुपया ज्यांनी हाताळलाय त्यांना हा परिणाम सांगायला नको. चेहरा बाजूनं आला की तो माणूस राहत नाही, छाप होतो. पिएरो देल्ला फ्रांचेस्कानं उर्बिनोचा सरदार फेदेरिको आणि त्याची पत्नी यांना असंच समोरासमोर रंगवलं. फेदेरिकोचा उजवा डोळा गेलेला होता, म्हणून त्याची डावी बाजू दाखवली, हे त्यातलं व्यावहारिक कारण. लॉराचा जन्म १५२३ सालचा, त्याच उर्बिनोतला.

पण १५५० पर्यंत ही पद्धत मागे पडली होती. लिओनार्दोच्या पिढीपासून चेहरा पाऊण वळलेला, दोन्ही डोळे दिसणारा, बघणाऱ्याशी नजर जुळवणारा असा रंगवायची रीत रुळली होती. खुद्द ब्रोन्झिनो फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो द मेदिची याच्या दरबारचा चित्रकार होता आणि दरबारातली माणसं तो समोरून किंवा पाऊण वळवूनच रंगवत असे. म्हणजे लॉराला पूर्ण बाजूनं रंगवणं हा जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता. जुन्या धाटणीची बैठक नव्या काळात कुणी निवडली की ‘का?’ हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. उत्तराची घाई नको.

हीच कसोटी इतर बाबींनाही लावा. काळा पोशाख घेऊ. आपण पटकन शोक म्हणू. पण सोळाव्या शतकात चांगला काळा रंग महाग पडे आणि प्रतिष्ठित माणसं तो हौसेनं वापरत. दुःखाची दुसरी एखादी खूण सापडल्याशिवाय काळ्या कपड्यावरून दुःख काढायचं नाही. हातावर डोकं टेकवलेली बैठक मात्र खरोखरच खिन्नतेची ठरलेली खूण होती. ड्यूररचं १५१४ सालचं ‘मेलेंकोलिया’ हे कोरीव चित्र तिचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण. ती बैठक दिसली तर खिन्नता म्हणायला आधार आहे. लॉराच्या चित्रात ती नाही.

शेजारी दुसरी चित्रं ठेवा

भाव ओळखायला तुलनेसारखं दुसरं साधन नाही. एकच घटक असलेली तीन-चार चित्रं निवडा आणि तो घटक प्रत्येक ठिकाणी काय काम करतो ते पाहा.

बाजूनं दिसणारा लेखक घ्या. हान्स होल्बाइननं १५२३ मध्ये एरास्मस या विद्वानाला लिहिताना रंगवलं. ते चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. चेहरा पूर्ण बाजूनं, पापण्या खाली, नजर कागदावर. तोही आपल्याकडे पाहत नाही, पण त्यात दुरावा जाणवत नाही. माणूस कामात गढलाय, आपण दारात उभे राहून पाहतोय, एवढंच. लॉराची नजर पुस्तकावर नाही. म्हणून गढून जाण्याचा भाव तिच्या बाबतीत बाद. नुसत्या एका तुलनेनं एक चुकीचं वाचन निकालात निघालं.

आता पान दाखवणारी बाई घ्या. आंद्रेआ देल सार्तोनं १५२८ च्या सुमारास एक तरुणी रंगवली. हातात पेट्रार्क या इटालियन कवीच्या कवितांचं छोटं पुस्तक, पानं आपल्याकडे, बोट सुनीतांवर, म्हणजे चौदा ओळींच्या कवितांवर. युक्ती तीच. पण ती थेट आपल्याकडे बघते आणि ओठांच्या कडेला हसू आहे. तिनं दाखवलेल्या एका सुनीताची सुरुवात ‘जा, उष्ण सुस्काऱ्यांनो, त्या थंड हृदयाकडे’ अशी. तिथे पुस्तक म्हणजे बघणाऱ्याबरोबरचा लाडिक खेळ आहे. ब्रोन्झिनोनं त्याच फ्लॉरेन्समध्ये तीच युक्ती घेतली, हसू काढलं, नजर काढली. ही दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाच मिनिटं बघा. लॉराच्या चित्रातला ताण कुठून येतो ते अंगावर येईल.

तिसरं चित्र खुद्द ब्रोन्झिनोचं आहे. १५३२-३३ मध्ये त्यानं जुना इटालियन महाकवी दान्ते रंगवला. चेहरा बाजूनं, ते प्रसिद्ध नाक, आणि हातात आपल्याकडे उघडलेला ग्रंथ. पान आहे त्याच्या ‘डिव्हाईन कॉमेडी’ या महाकाव्यातल्या ‘स्वर्ग’ भागाच्या पंचविसाव्या सर्गाचं, ज्यात हद्दपार दान्ते आशा व्यक्त करतो की आपलं काव्य एक दिवस आपल्याला कवीचा मुकुट घालून फ्लॉरेन्सला परत नेईल. पंचवीसेक वर्षांनी ब्रोन्झिनोनं एका जिवंत कवयित्रीला नेमकी तीच बैठक दिली. फ्लॉरेन्सच्या सुशिक्षित माणसाला हे साम्य बघताक्षणी कळलं असणार. मघाशी वहीत लिहिलेल्या ‘का?’चं पहिलं उत्तर हे: ही जुनी धाटणी म्हणजे महाकवीची गादी आहे. स्त्रीसाठी तर हा फार मोठा मान होता.

हात सोडू नका

चेहऱ्यावर आपली नजर खिळते, म्हणून हात सगळ्यांत शेवटी बघितले जातात. लेखकाच्या चित्रात ते आधी बघावेत. लेखणी आहे? ती टेकलेली की उचललेली? बोट पुस्तकात अडकवलंय का? तसं असेल तर वाचन मध्येच थांबलंय, कुणीतरी आलंय. पुस्तक मिटलेलं, उभं, छातीशी धरलेलं, की टेबलावर उघडं? दर वेळी लेखक आणि मजकूर यांचं नातं बदलतं.

लॉराची बोटं अस्वाभाविक लांब आहेत. ती ब्रोन्झिनोच्या पिढीची लकब. त्या काळचे चित्रकार मान आणि बोटं ओढून लांब करत. म्हणून लांबीत अर्थ शोधू नका. अर्थ आहे तो बोटांच्या मांडणीत. ती पानावर अशी फाकली आहेत की त्यांच्यामधला मजकूर चौकटीत बसल्यासारखा दिसतो. आपल्या पोथीवर बोट ठेवून ओळ दाखवणारा हात आठवा. फरक इतकाच की दाखवणारी स्वतः पोथीकडे बघत नाही. तिला ते पाठ आहे. ज्याला मजकूर पाठ असतो तोच न बघता बोट ठेवू शकतो. चित्रातला हा बारकावा मला सगळ्यांत प्रिय आहे.

पान वाचा, अक्षरशः

इथे बहुतेक जण थांबतात आणि मूळ मुद्दा हुकतो. चित्रात मजकूर वाचता येण्याजोगा असेल तर चित्रकारानं तो वाचण्यासाठीच ठेवलाय. भाषा येत नसेल तरी हरकत नाही. पहिल्या ओळीतले तीन-चार शब्द अक्षर न् अक्षर टिपा आणि शोधयंत्रात घाला. जुन्या कवितांच्या बाबतीत तेवढ्यानं पूर्ण कविता आणि एखादं भाषांतर मिळतं.

लॉराच्या पुस्तकात पेट्रार्कची दोन सुनीतं आहेत. पेट्रार्क चौदाव्या शतकातला. लॉरा नावाच्याच दुसऱ्या एका स्त्रीवर त्यानं आयुष्यभर कविता लिहिल्या. त्याच्या संग्रहात ही सुनीतं चौसष्टावं आणि दोनशे चाळिसावं. हा आकडा महत्त्वाचा आहे. संग्रहात ती शेजारी येत नाहीत, मध्ये पावणेदोनशे कविता आहेत. छापील पेट्रार्क तर १५०१ पासून खिशात मावेल अशा आकारात मिळत होता. तरी चित्रात हस्तलिखित आहे आणि त्यात ही दोनच सुनीतं समोरासमोर आणली आहेत. म्हणजे निवड केलेली आहे. मजकूर ओळखल्यावर एवढं नेहमी तपासा: खऱ्या पुस्तकात तो याच क्रमानं आहे का? क्रम मोडलेला असेल तर कुणीतरी तो मुद्दाम मोडलाय.

चौसष्टावं सुनीत म्हणतं काय? मराठीत आशय सांगायचा तर असा: रागाच्या खुणांनी, नजर खाली वळवून, मान झुकवून, इतर कुणाहीपेक्षा झटकन पळून जाऊन, माझ्या सभ्य विनवण्यांपासून तोंड फिरवून जर तुम्हाला माझ्या छातीतून निघून जाता आलं असतं, तर तुमचा हा तिटकारा रास्त आहे असं मी म्हटलं असतं. पण प्रेमानं तिथे त्या पहिल्या लॉरेलच्या फांद्यांचं कलम केलंय. चांगलं रोप रुक्ष जमिनीत नाखूश असतं, हे खरं. तरी तुमच्या नशिबी तिथेच राहणं आहे, तर निदान त्या जागेचा द्वेष करू नका.

‘तोंड फिरवून’. आता चित्राकडे परत या.

बैठकीचं दुसरं उत्तर तिच्या हातातच लिहिलेलं आहे. ती सुनीतातली कृती करते आहे. कविता सांगते, तोंड फिरवलंस तरी सुटका नाही; बाई तोंड फिरवून उभी आहे आणि तीच ओळ आपल्याला दाखवते आहे. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी अर्धा तास त्याच पानापाशी बसून होतो. तुसडेपणा म्हणून ज्याला मी मागे सारलं होतं, तो चित्राचा विषय होता.

दोनशे चाळिसावं सुनीत याच धाग्यानं पुढे जातं. प्रियकर तिला ‘माझं गोड दुःख, माझं कडू सुख’ म्हणतो, आपली वासना विवेकाला ऐकत नाही अशी कबुली देतो आणि शेवटी तिच्या तोंडी शब्द घालतो: तू रागावू नकोस, एवढंच म्हण की हा बिचारा दुसरं करणार तरी काय, माझा चेहरा याला जाळतो, हा इतका हावरा का आणि मी इतकी सुंदर का? म्हणजे पुरुष कवी स्त्रीचं वाक्य स्वतःच रचून देतो. आणि ते पान धरलंय अशा स्त्रीनं, जी स्वतःची वाक्यं स्वतः रचते. १५६० मध्ये लॉरा बात्तिफेर्रीचा पहिला कवितासंग्रह फ्लॉरेन्समध्ये छापून निघाला, ड्यूक कोसिमोची पत्नी डचेस एलेओनोरा हिला अर्पण केलेला. चित्र त्याच सुमाराचं.

नावात काय दडलंय

त्या काळच्या कवी-चित्रकारांना श्लेषाची विलक्षण हौस होती. मराठी वाचकाला हे पटवायला नको. आपल्या पंडित कवींनी श्लेषावर किती जीव टाकला ते आपण शाळेपासून वाचलंय. म्हणून चित्रातल्या व्यक्तीचं नाव मूळ भाषेत मोठ्यानं म्हणा, फोडा, कुठला पदार्थ, झाड, धातू ऐकू येतो ते पाहा. लिओनार्दोच्या जिनेव्रा दे बेंची या चित्रात तिच्या डोक्यामागे काटेरी ज्युनिपरचं झुडूप आहे, कारण त्याचं इटालियन नाव ‘जिनेप्रो’. जिनेव्राही कविता करत असे. तिची एकच ओळ आज उरली आहे.

लॉरा या नावात ‘लाउरो’ आहे, म्हणजे लॉरेलचं सदाहरित झाड. त्याच्या पानांचा मुकुट कवीला घालत. पेट्रार्कला तो १३४१ मध्ये रोममध्ये मिळाला. आणि ग्रीक कथेत अपोलो देवापासून पळताना दाफने जे झाड झाली, तेही हेच. सुनीतातली ‘पळून जाणारी’ आणि ‘पहिलं लॉरेल’ आता एकत्र वाचा. बात्तिफेर्रीच्या काव्यमंडळातले लोक तिला दाफने याच नावानं हाक मारत. चित्रात झाडाचं एक पानही नाही. लॉरेल आहे तो फक्त पुस्तकातल्या शब्दांत आणि तिच्या नावात. प्रतीक दरवेळी वस्तू म्हणून समोर ठेवलेलं असतं असं नाही.

आडनावातही श्लेष आहे. ‘बात्तेरे’ म्हणजे ठोकणं, ‘फेर्रो’ म्हणजे लोखंड. ब्रोन्झिनो स्वतः चांगला कवी होता, त्याची आणि लॉराची एकमेकांना सुनीतं लिहिण्याची देवाणघेवाण चाले. तिच्यावरच्या एका सुनीतात तो म्हणतो: आतून सगळी लोखंडाची, बाहेरून बर्फाची.

चित्रकार आणि चित्रातली व्यक्ती यांचं नातं शोधा, असं मी म्हणतो ते यासाठी. पैसे देऊन करवून घेतलेलं चित्र वेगळं आणि मित्रानं केलेलं वेगळं. इथे एक कवी दुसऱ्या कवीला रंगवतो आहे, दोघांनाही पेट्रार्क मुखोद्गत आहे, आणि बर्फाची ओळ त्याच्याच लेखणीतून आली आहे. त्यामुळे थंडपणा ही चित्रकाराची उणीव मानता येत नाही. त्यानं तो आपल्या मैत्रिणीचा बाणा म्हणून रंगवलाय. हे दरबारी प्रेमकवितेचं नाटक आहे, हेही ध्यानात ठेवा. लॉराचा नवरा बार्तोलोमेओ अम्मानाती हा नावाजलेला शिल्पकार होता. पलाझ्झो वेक्कियोसमोरच्या चौकातलं नेपच्यूनचं कारंजं त्याचंच. ब्रोन्झिनो त्याचाही स्नेही. पेट्रार्कच्या भाषेत एका विवाहित कवयित्रीला ‘निष्ठुर’ म्हणणं ही त्या मंडळात तिच्या शीलाची आणि प्रतिभेची स्तुतीच होती. यातून खरं प्रेमप्रकरण शोधायला जाऊ नका.

पोशाख आणि मोकळी जागा

यावर फार वेळ घालवायचं कारण नाही. डोकं झाकलेलं, दागिने मोजके, रंग गडद: विवाहित, मानाची, धर्मनिष्ठ स्त्री. पुढे १५६४ मध्ये तिनं बायबलमधली पश्चात्तापाची सात स्तोत्रं इटालियनमध्ये आणली, तो कल इथे आधीच दिसतो. पार्श्वभूमी रिकामी ठेवल्यामुळे चेहऱ्याची कड चाकूनं कापल्यासारखी उठून दिसते, नाण्यावर दिसते तशी. ज्या चित्रांत मागे खिडकी, निसर्ग, पुतळा असतो तिथे मात्र थांबा. ब्रोन्झिनोनंच रंगवलेल्या उगोलिनो मार्तेल्ली या तरुण विद्वानाच्या चित्रात मागे अंगणात दावीदाचा पुतळा आणि समोर होमरचं ग्रीक पुस्तक आहे. तिथे पार्श्वभूमीवर निम्मा वेळ द्यावा लागतो.

प्रतीकं नसतीलच तर?

राफाएलनं १५१४-१५ च्या सुमारास बाल्दास्सारे कास्तिल्योने रंगवला. दरबारी माणसानं कसं वागावं यावरचा त्या काळचा सगळ्यांत गाजलेला ग्रंथ याचाच. चित्रात पुस्तक नाही, लेखणी नाही, झाड नाही. करडा-काळा पोशाख, जुळवलेले हात, निळे डोळे आणि थेट पण मवाळ नजर. इथे प्रतीकं शोधणं म्हणजे चित्रावर अन्याय. रंग कसे कुजबुजतात, कडा कशा धूसर सोडल्या आहेत, हेच वाचायचं. कास्तिल्योनेनं आपल्या पत्नीच्या तोंडी एक लॅटिन कविता लिहिली. त्यात ती म्हणते की नवरा दूर असताना त्याचं राफाएलनं केलेलं चित्र पाहून ती मन रमवते. त्या चित्रानं आपल्याला चेहरा दिलाय, मजकूर राखून ठेवलाय. लॉराच्या अगदी उलट व्यवहार.

तिशियनचं पिएत्रो आरेतिनो हे १५४५ चं चित्र या दोघांपेक्षा निराळं. पुस्तक तिथेही नाही; अवाढव्य देह, मखमल आणि सोन्याची साखळी. या लेखकाच्या लेखणीला राजेरजवाडे घाबरत, आणि चित्रकारानं लेखणी न दाखवता तिचा धाक दाखवला.

आता लिहा

तीन वाक्यांपासून सुरुवात करा. पहिल्यात फक्त डोळ्यांना दिसतं ते. दुसऱ्यात त्या काळच्या वहिवाटीशी तुलना. तिसऱ्यात तुमचं वाचन, आणि ते कशाच्या आधारावर आहे त्याचा उल्लेख त्याच वाक्यात. लॉराबद्दल माझी वाक्यं अशी: ‘चेहरा पूर्ण बाजूनं, नजर चौकटीबाहेर, पुस्तक मात्र बघणाऱ्याकडे. त्या वेळी जुनी झालेली ही बैठक ब्रोन्झिनोनं आधी दान्तेला दिली होती. पानावरच्या सुनीतातली तोंड फिरवणारी स्त्री ती स्वतः होते, आणि बोटांच्या मांडणीवरून तो मजकूर तिच्या ताब्यात आहे असं वाटतं, म्हणून भाव दुःखाचा नाही, संयमाचा आणि अधिकाराचा आहे.’

मग आपल्याच वाक्यांवर उलटतपासणी करा. हेच पुरावे घेऊन दुसरं वाचन उभं राहतं का? इथे राहतं. सुनीतं पुरुषाच्या तोंडची आहेत. तेव्हा पान धरलंय तिनं, पण बोलतोय ब्रोन्झिनो, आपल्या विनवण्या तिच्याच हाती देऊन, असंही म्हणता येईल. मी पहिल्या वाचनाकडे झुकतो ते बोटांमुळे आणि दान्तेच्या बैठकीमुळे. पण दुसरं मी पुसून टाकत नाही. दोन कवींच्या मैत्रीतून आलेल्या चित्रात दोन्ही आवाज असणं मला स्वाभाविक वाटतं. तुमचं वाचन वेगळं निघालं तर ते कुठल्या तपशिलावर उभं आहे तेवढं स्वतःला विचारा. तपशिलावर बोट ठेवता आलं नाही तर ते वाक्य खोडा.

फ्लॉरेन्सला जाणं झालं तर पलाझ्झो वेक्कियोत चार्ल्स लोझर या संग्राहकानं शहराला दिलेल्या कलाकृतींची दालनं विचारून घ्या. लॉरा तिथे आहे. तिथून थोडं चालून सान जोवान्निनो या चर्चमध्येही जा. लॉरा १५८९ मध्ये वारली आणि नवरा-बायको दोघांनाही तिथेच पुरलंय. वेदीवरचं चित्र ब्रोन्झिनोचा शिष्य आलेस्सांद्रो आल्लोरीनं केलंय: ख्रिस्त आणि त्याच्याकडे लेकीसाठी आर्जव करणारी कनानी स्त्री. त्या चित्रातली एक म्हातारी लॉरा म्हणून ओळखली जाते. तिच्याही हातात पुस्तक आहे. आता तुमची वही काढा आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात करा: डोकं कुठे वळलंय, नजर कुठे आहे, पानं कुणाकडे आहेत.